सायोची मधली चित्रं

नेरिमात, टोफूच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला आमचं कार्टून सिनेमाचं ऑफिस. एकोणिसाव्या वर्षी मी तिथं मधली चित्रं काढायला लागले. मोठा चित्रकार 'हात खाली' आणि 'हात वर' अशी दोन चित्रं काढून मोकळा व्हायचा. हात वर नेताना मध्ये जे जे होतं, ते आम्ही पोरी काढायचो. त्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. यंदा माझी लेक चिझुरु त्याच ऑफिसात दिग्दर्शक म्हणून आली आणि तिनं मला चित्रं तपासायला बसवलं. काम काय, तर आमचाच जुना सिनेमा कॉम्प्युटरवर नव्यानं करायचा. नावाड्याची मुलगी सायो, तिची नदी, तिची होडी, सगळं पुन्हा.

"कशाला उकरताय?" मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "आहे त्यात वाईट काय आहे?"

"आई, सेकंदाला आठ चित्रं! आजच्या पोरांना वाटतं, सायोला उचक्या लागल्यात."

"त्या उचक्यांवर अख्खी पिढी रडलीय, बाईसाहेब."

चिझुरु हसली आणि डाव्या करंगळीनं केस कानामागे सारले. शाळेत असल्यापासूनची सवय. फोटोवाल्यानंसुद्धा हात टेकले होते. "जित्याची खोड!" मी म्हटलं.

जुने तक्ते मीच कपाटातून काढले. कुठलं चित्र किती वेळ दाखवायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. सायोच्या रकान्याखाली आमच्या तेव्हाच्या दिग्दर्शकांनी, नुकागासाहेबांनी, लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'हिची मधली चित्रं वाढवू नयेत.' प्रत्येक तक्त्यावर.

"चिक्कू होते हो काकू, तुमचे साहेब," हामुरो म्हणाला. मशीन तोच चालवायचा.

चिक्कू? नदीच्या पाण्यासाठी याच माणसानं आमच्याकडून सेकंदाला चोवीस चित्रं काढून घेतली होती. बोटं सुजली होती आमची. सायोच्या बाबतीतच हात आखडता का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हामुरोनं मशीनला मधली चित्रं भरायला सांगितली. पंधरवड्यात सायो लोण्यासारखी हलायला लागली. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा बघत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात धक्क्यावर उभ्या सायोनं डाव्या करंगळीनं केस कानामागे सारले.

"मॅडमनी स्वतःलाच घुसवलं की!" हामुरो ओरडला.

"मी नाही सांगितलं," चिझुरु म्हणाली.

"मग मी तरी कुठं सांगितलं?"

त्यानं तेवढा भाग पुसला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता. सगळे पोट धरून हसले. मी चिझुरुकडे बघत होते. तिचे केस डोळ्यावर आले होते, आणि ती ते मागे सारत नव्हती. जित्याची खोड... पुढची म्हण मला मनातसुद्धा म्हणवेना.

मग सायो चहावर फुंकर घालायला लागली, ओठ वाकडा करून, अगदी चिझुरुसारखी. त्याच दुपारी चिझुरुनं कढत चहा तसाच तोंडाला लावला. ओठ भाजला. चेहरा हलला नाही.

"बंद कर हे," मी म्हटलं. "पाया पडते तुझ्या."

"आई, माझा पहिला सिनेमा आहे. जरा दमलेय, एवढंच."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. विश्रांती घ्या.

ऑक्टोबरात सिनेमा कंपनीच्या बड्या लोकांना दाखवला. शेवटी सायो नाक मुरडून हसली. ते हसू मी माझ्या पोरीच्या पहिल्या दातापासून ओळखते.

"काय जिवंत केलीय!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

चिझुरुनंही वाजवल्या. हात लांब. हात जवळ. हात लांब.

मध्ये काहीच नव्हतं.

मी तिला घरी आणलं. खुर्चीवर बसवलं. ती म्हणाली, छाती जड वाटते.

सकाळी मी माझं जुनं सामान काढलं. खालून उजेड येणारी काच, पेन्सिली. आठवून आठवून काढायला बसले. डावा हात. करंगळी. केसांची बट. दुपारपर्यंत सात चित्रं झाली. पानं फरफरवून बघितली. बरोबर होतं.

पलीकडच्या खोलीत चिझुरुचा हात उठला. केस कानामागे गेले.

मी हाताचे टप्पे मोजले. सात.

"आई," ती म्हणाली, "बरं वाटलं गं." मी तिला पोटाशी धरून रडले.

आता हसू झालंय. जांभई झालीय. पापण्या सोप्या, तीन चित्रांत होतात. सध्या श्वास काढते आहे. तो एकदा काढून पुरत नाही.

काल एका चित्रात माझी पेन्सिल घसरली. पलीकडे चिझुरुला ठसका लागला.