नबीची खुर्ची

सुकेशनीनं फीत खांबाला लावली. सव्वातीन मीटर. बायकांसाठीचा वरचा सज्जा असल्या आठ सागवानी खांबांवर तोललेला. पश्चिमेच्या भिंतीत धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, आता रिकामं. छावणीतलं हे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनाघर, निजामाच्या काळात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, फौजींनी बांधलेलं. त्यांचं शेवटचं कुटुंब तीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेलं. दुरुस्तीआधी मापं घ्यायचं काम तिच्याकडं आलं होतं.

नवरा वाळूजला पाळीवर, सासू कन्नडला. म्हणून तान्ही संस्कृती सोबत. लेक नऊ महिन्यांची, पण अजून बसत नव्हती. हात सोडला की कलंडायची. "होईल हळूहळू," डॉक्टर म्हणत. पण म्हणताना वर बघत नसत.

फीत ओढायला दोन्ही हात हवे होते. फरशीवर कबुतरांची घाण. कपाटाशेजारी उंच पाठीची एक खुर्ची होती. तिच्यात लेकीला टेकवून सुकेशनी दोन पावलं सरकली आणि वळली.

संस्कृती ताठ बसली होती. खुर्चीच्या पाठीपासून वीतभर पुढं.

सुकेशनीनं धावत जाऊन तिला उचललं, मुके घेतले.

"ताई, तिथं ठिवलं व्हतं का लेकराला?" राखणदार कडुबा दारातून म्हणाला.

"बसली, मामा! पहिल्यांदा बसली!"

"अन् उचलताना माघारी मागितलं का?"

"कुणाला?"

म्हातारा उंबऱ्यातच थांबला. "एलिया नबीची खुर्ची हाय ती. सुंतेच्या दिशी लेकरू आधी तिथं द्यायचे. मंग बाप म्हणायचा, आमचं आमाला द्या. तवाच उचलायचे."

"नबीच ना? मग चांगलंच की."

"नबीला बोलवायला प्रार्थना लागती, प्रार्थनेला धा माणसं. तीस वर्सं झाली, एक बी नाय." त्यानं आत पाहिलं नाही. "आता तिथं कोण बसतं, मला काय ठाव."

गारखेड्यातल्या घरी संस्कृती सतरंजीवर तासन्‌तास बसू लागली. नवऱ्यानं व्हिडिओ काढून कन्नडला पाठवला. रडणं बंद झालं. पाजायला घेतलं की ती आधी मागं वळून बघायची, विचारल्यासारखी. उचलताना क्षणभर जड व्हायची, मग सुटायची.

चौथ्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. लेकीला त्याच्याजवळ ठेवून सुकेशनी एकटी खुर्चीपुढं उभी राहिली.

"माझं मला द्या."

कितीदा म्हणाली. मोठ्यानं, मग रडत. खुर्चीवर नुसती धूळ.

तिथं कुणीच नव्हतं.

घरी आली तेव्हा भर दुपार होती, नवऱ्याला डुलकी लागली होती. संस्कृती सतरंजीच्या मधोमध, भिंतीपासून लांब. सुकेशनी गुडघ्यांवर बसली. लेकीच्या पाठीमागं हात घालायला गेली. मागं काही दिसत नव्हतं, पण हात अडला.

तिथं जागा नव्हती.