उताराकडे पडलेली माती

गावातल्या अडलेल्या गोष्टींचा छडा लावणाऱ्या माँडरबाईंच्या दारात हेटी स्टिकलंड आली. तिच्या नवऱ्यानं, एमसनं, गुन्हा कबूल केला होता. आणि तो त्यानं केलेलाच नाही, अशी तिची खात्री होती.

आमच्या ससेक्सच्या खडूच्या टेकडीवर हजारो वर्षांपूर्वीच्या नांगरटीनं पायऱ्यांसारखे बांध झाले होते. सरकारनं ते राखून ठेवले होते. शनिवारी कोणीतरी त्यातले तीन नांगरून टाकले. त्या शेतमळ्यावर ट्रॅक्टर एकच; चालवणारे दोघं, मालक टॅरंट आणि त्यांचा नांगऱ्या एमस.

"कबुली मीच लिहून घेतलीय," गावचे हवालदार पोलार्ड म्हणाले. "आता शोधायचं काय, बाई?" तरी ते सोबत निघाले.

टॅरंटनी सांगितलं, शनिवारी ते मेंढ्यांच्या बाजाराला गेले होते. एमसची चूक झाली खरी, पण त्याला मळ्यावरच्या घरातून काढणार नाही, असं ते आपणहून दोनदा म्हणाले.

एमस नुसता "मीच केलं" म्हणत राहिला. माँडरबाईंनी खालच्या शेताची नांगरट कशी केली ते विचारलं, तेव्हा मात्र तो मोकळा झाला. प्रत्येक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, संपला की नांगर पलटायचा, म्हणजे माती कायम चढाकडे पडते. ती खाली पडली की त्याचा बाप बोटांवर छडी मारायचा.

मग माँडरबाई आणि पोलार्ड वर बांधांवर गेले.

"पोलार्ड, माती कुठं पडलीय?"

"जमिनीवर," वाऱ्यानं वैतागलेले पोलार्ड म्हणाले.

संध्याकाळी टॅरंटच्या स्वयंपाकघरात सगळे जमले.

"वरच्या एकेका तासाची माती उताराकडे पडलीय," माँडरबाई म्हणाल्या. "ट्रॅक्टरला ते सोपं जातं. चाळीस वर्षं माती वर चढवणाऱ्याचा हात एका दिवसात असा बदलत नाही. राहिला चालवणारा दुसरा. आणि जो चुकलाच नाही, त्याला घर राहील असं दोनदा कशाला सांगावं लागतं?"

"बाजाराला मी गेलोच नव्हतो. त्या बांधांवर जव पेरायचे होते," टॅरंट म्हणाले. "आळ घे, घर राहील, असं मीच म्हटलं त्याला." आपला जबाब त्यांनी तिथंच लिहून दिला; घर एमस आणि हेटीच्या हयातीपर्यंत त्यांच्याकडेच राहील, हेही माँडरबाईंनी त्यांच्याकडून लिहून घेतलं.

हेटी रडू लागली. एमसची मान वर झाली नाही.

"घरासाठी खोटं बोललो, त्याची लाज वाटतेच," तो म्हणाला. "पण पोलार्ड, तू याच उतारावर वाढलास. ते तास तुला माझे वाटले?"

पोलार्डनी टोपी काढली.

"कबुली घेतली तेव्हा मी वर बघायलाच गेलो नव्हतो," ते म्हणाले. "आणि आज गेलो, तरी मला काही दिसलं नाही."