सात मिनिटांची सावली

दर सात मिनिटांनी स्क्रीनच्या कोपऱ्यात निळा ठिपका लागायचा आणि विझायचा. शिरोलीच्या त्या पंप ओतणाऱ्या फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात चार टेबलं, टेबलाएवढ्याच आडव्या चार स्क्रीन, आणि ठिपक्याकडं कुणी ढुंकून बघायचं नाही. फक्त आप्पासो मगदूम बघायचे. ठिपका विझला की मान हलवायचे आणि मगच पुढची रेघ ओढायचे.

खरं तर त्यांच्या रेघेचं आता कुणाला काम नव्हतं. पंपाचं केसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं कवच, कसं काढायचं हे ते गेले नऊ महिने थोडंथोडं विसरत चालले होते. आधी मापं गेली, मग क्रम गेला. पण घरी बसवलं की ते दिवसभर येरझाऱ्या घालायचे, आणि टेबलापाशी आणून सोडलं की शांत. डॉक्टर म्हणाले, हाताला काम राहू दे. मालक घाटगे म्हणाले, "बसू दे की. त्यांनी काढलेल्या पंपांवर हा कारखाना उभा हाय." म्हणून आप्पांची मुलगी वृषाली, जी त्याच ऑफिसात पलीकडच्या टेबलावर ड्रॉइंग काढायची, रोज त्यांना गाडीवरून घेऊन यायची. तीन तास ते काढायचे. संध्याकाळी ती ते ड्रॉइंग बाजूला टाकायची.

निळ्या ठिपक्याची गोष्ट अशी. पूर्वी प्रोग्राम आपोआप नुसतं ड्रॉइंग साठवून ठेवायचा, वीज गेली तर काम वाया जाऊ नये म्हणून. नवा प्रोग्राम आला तो हातही साठवायला लागला. पेन किती दाबलं, कुठं अडलं, कुठली रेघ तीनदा पुसली, काढणारा तोंडातल्या तोंडात काय पुटपुटला, सात मिनिटांचं सगळं एका फाईलीत. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलं होतं. ऑफिसात तिला सावली म्हणायचे. सावली उघडली की स्क्रीनवर रेघ आपणहून चालायला लागायची, त्याच माणसाच्या चालीनं. मध्येच थांबवून विचारलं, ही भिंत जाड का केली, तर त्याच्याच आवाजात उत्तर यायचं.

मग काही कारखान्यांनी कामगारांच्या सावल्या विकायला काढल्या. माणसाला घरी पाठवायचं आणि सावलीकडून काम करून घ्यायचं. त्यावर कायदा आला. एका माणसाच्या पाच हजारच सावल्या राहतील. नवी आली की सगळ्यात जुनी जाईल. वाढवायच्या असतील, दुसरीकडं उतरवायच्या असतील, नाहीतर बंद करायच्या असतील, तर ज्याचा हात त्यानंच सांगायचं. बायकोमुलांनाही हक्क नाही.

वृषालीला हे सगळं ठाऊक होतं. पण ते आपल्या घरात शिरलंय हे तिला अश्पाकनं सांगितलं. अश्पाक मुल्ला कारखान्याचे कॉम्प्युटर बघायचा.

"वृषालीताई, आप्पांचं एक दाखवायचं होतं." त्यानं यादी उघडली. "ह्या पाच हजार. ह्यातल्या चार हजार साडेसहाशे आजारपणातल्या. चांगल्या हाताच्या साडेतीनशे उरल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे आप्पा रोज तीन तास बसतात. पंचवीस नव्या पडतात, पंचवीस जुन्या जातात. जुन्या म्हणजे चांगल्या." तो खाली बघून म्हणाला, "चौदा दिवसांत संपतील."

तिला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मग कळलं. आजारी आप्पा रोज येऊन बऱ्या आप्पांना पुसत होते.

"उतरवून घे की सगळ्या."

"त्यांचा होकार लागतोय. यंत्र दिवसातनं तीनदा विचारतं, निरनिराळ्या शब्दांत. तिन्ही उत्तरं जुळली पायजेत."

दोघांनी करून बघितलं. सकाळी आप्पा म्हणाले, ठेवा की, माझं काय जातंय. दुपारी म्हणाले, कसली सावली? संध्याकाळी म्हणाले, तुम्ही कुठल्या कंपनीचे? दुसऱ्या दिवशी परत तेच.

"धडधाकट होते तेव्हा का नाही विचारलं त्यांना?" वृषालीनं विचारलं.

"विचारलं होतं. दोन वर्षांमागं होकाराचा फॉर्म आलेला. आप्पा म्हणाले, उद्या बघू." अश्पाकनं यादी मिटली. "तुमचाबी पडूनच हाय तो फॉर्म."

मग तिनं त्यांना सरावाच्या स्क्रीनवर बसवून बघितलं, जिथं काहीच साठत नाही. आप्पांनी चार रेघा ओढल्या आणि पेन खाली ठेवलं. ठिपका लागेना. तरुणपणी वीज गेली की दिवसभराचं काम जायचं, तेव्हापासून त्यांच्या डाव्या हाताला खोडच होती. पाच-सहा रेघा झाल्या की दोन बोटं जतनाची बटणं दाबणार. आता बटणं नव्हती तरी बोटं टेबलावर दाबली जायची. जेवताना ताटाच्या कडेवरही. "हे मशीन राखून ठेवत न्हाई," ते म्हणाले. "ह्याच्यावर काढण्यात अर्थ न्हाई." आणि उठून परत आपल्या टेबलापाशी गेले.

ह्यात दोन दिवस गेले. उरले बारा दिवस तर बारा दिवस. वृषालीनं ठरवलं, जाण्याआधी ऐकून तरी घेऊ. आप्पांना घरी सोडून ती रोज परत यायची आणि दीड तास त्यांच्या टेबलाशी बसून चांगल्या सावल्या उघडायची. रेघ चालायची. अशी चालायची की बघतच राहावं. कुठं घाई नाही, कुठं उगाच थांबणं नाही. मध्येच आप्पांचा आवाज, "हां, हितं कोपरा जरा गोल घे, नाहीतर लोखंड थंड होताना फाटतंय." मध्येच शिंक. मध्येच कुणाला तरी, "तुझ्या बापानं बघितलाय का असला बोल्ट?" एकदा नुसतं गुणगुणणं, सात मिनिटं. ती प्रश्न विचारायची आणि सावली उत्तर द्यायची. लहानपणी विचारायचे राहिलेले प्रश्नही तिनं विचारले. त्यांची उत्तरं सावलीकडं नव्हती. तिला फक्त रेघेचं ठाऊक.

सहा दिवसांनी तिनं यादी बघितली. दीडशे उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या बहात्तर.

"ह्यात चूक हाय काहीतरी," ती अश्पाकला म्हणाली. "आप्पा तीन तासाच्या वर एक मिनिट बसले नाहीत."

अश्पाकनं वेळा बघितल्या. दुपारच्या होत्या, आणि साडेसहा ते आठच्या पण होत्या.

"संध्याकाळी कोण बसतंय हितं?"

"मी. काढत काही नाही. नुसतं ऐकते."

त्यानं वेळा परत एकदा ताडून बघितल्या. मग हळू म्हणाला, "ताई, सावली उघडली की रेघ त्यांच्या हातानं चालते. यंत्राला वाटतं आप्पाच बसलेत कामाला. सात मिनिटं झाली की ते नवी सावली ठेवतंय."

"आणि जुनी एक जाती."

"व्हय."

रोज तेरा. ती जे ऐकत होती त्याच्याच किमतीत पुढचं पुसत होती. वर नव्या पडल्या त्या सावलीच्या सावल्या, त्यातली एक तिनं परवा चुकून उघडली होती. आवाज ओळखू येत होता, पण रेघ शिळी वाटत होती. चूल पेटवायच्या हौसेनं घराचे वासे जाळावेत, तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं आप्पांना घरीच ठेवलं.

पहिला दिवस निभावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी टीव्हीच्या काचेवर चमच्याच्या टोकानं रेघ ओढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी चप्पल न घालता हायवेपर्यंत चालत गेले आणि रिक्षावाल्यानं ओळखून परत आणलं. चौथ्या दिवशी जेवले नाहीत. अंथरुणावर पडल्यापडल्या डावी दोन बोटं चादरीवर दाबत राहिले.

आईनं ताट उचललं. ती जास्त बोलणारी बाई नव्हती.

"काय राखून ठेवायलीस तू?"

वृषालीनं सांगितलं. बहात्तर सावल्या. आप्पा बरे असतानाच्या.

"बऱ्याला काय हुतंय, बरा हाय तो," आई म्हणाली. "ह्यो हितं पडलाय न्हवं, ह्याला उठीव."

पाचव्या दिवशी, सोमवारी, ती त्यांना गाडीवर बसवून ऑफिसात घेऊन गेली. टेबलापाशी पोचताच त्यांनी चहा मागितला. सोमवारचा दिवस संपताना सत्तेचाळीस. मंगळवारी बावीस. कुठलीच तिनं उघडली नाही.

बुधवारी दुपारी अडीचला एक उरली.

यादीत तिच्यापुढं फक्त तारीख आणि वेळ होती. चौदा ऑगस्ट, सकाळी अकरा चाळीस. वृषालीनं आठवून बघितलं. त्या दिवशी ती ह्याच खोलीत, चार हातांवर बसलेली असणार. काही आठवेना. कसला वाढदिवस नाही, भांडण नाही. डब्यात काय होतं तेही नाही. सात मिनिटांची सावली, ऐकायला सात मिनिटं, आणि सात मिनिटं झाली की तीच जाणार. नाही ऐकली तर पुढच्या ठिपक्याला जाणार. ती सावली आहे तेवढं वृषालीला कळत होतं, आत काय होतं ते कधी कळणार नव्हतं.

आप्पा एका वळणाशी अडले होते. केसिंगचं पोट जिथं नळीला मिळतं तिथं रेघ नीट बसत नव्हती. ते ओढायचे, पुसायचे. हात थरथरत होता. चिडले नाहीत. नुसते तिच्याकडं वळले.

"पोरी, जरा बस की हितं."

ती शेजारी बसली. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं आणि वरून आपला हात ठेवला. नव्या माणसाला ते असंच शिकवायचे. तीस-चाळीस जणांचे हात त्यांनी असे धरले असतील, तिचा स्वतःचाही एकदा. तिला वाटलं होतं तो हात जड आणि थरथरता लागेल. तसा लागला नाही. दुसऱ्याच्या हातावर ठेवला की तो हात स्थिर झाला, जणू शिकवणं कुठंतरी वेगळ्या कप्प्यात होतं आणि आजार अजून तिथं पोचला नव्हता.

"दाबू नको. पेनाला जाऊ दे पुढं, तू मागनं चल. एवढी काय घाई, पंप काय पळून जात न्हाई." रेघ वळली. बसली. "आता बघ, हितं पाण्याला अडवायचं न्हाई. पाणी लई मानी असतंय. अडवलं की ते भिंत खातं."

हे वाक्य तिनं कधी ऐकलं नव्हतं. ना त्यांच्याकडून, ना कुठल्या सावलीत.

पलीकडून अश्पाक दारात येऊन उभा राहिला होता. पोटाची रेघ पूर्ण झाली, बाहेरची सुरू झाली, आणि ठिपका लागला. निळा नाही, पिवळा. खाली अक्षरं आली.

दोन हात ओळखले. ही सावली कुणाच्या नावे ठेवू? तीस सेकंदांत उत्तर न आल्यास टेबल ज्याचं त्याच्या नावे.

"ताई," अश्पाक दारातूनच म्हणाला, "तुमचं नाव टाकलं तर आप्पांची जुनी राहती. तुमच्या नावावर जागा रग्गड हाय."

"आणि ही?"

"ही तुमची. एकाच्या नावावर दुसऱ्याचा हात ठेवता येत न्हाई. आप्पांचा हात आणि बोलणं गाळणार ते. नुसती तुमची रेघ राहील. आप्पांच्या नावे पडली तर त्यांचं बोलणं राहतंय, पण जुनी जाती."

तीसवरनं उतरणारा आकडा पंधरावर आला. नावावर बोट ठेवायला उजवाच हात लागत होता, कारण यंत्र ओळखत होतं तो पेनाचा हात. तो आप्पांच्या हाताखाली होता. तिनं जरासा सोडवायला घेतला.

"थांबलीस का?" आप्पांनी विचारलं.

"ठिपका लागलाय आप्पा."

"लागू दे. राखून ठेवतंय ते, त्याचं काम त्याला करू दे." त्यांनी हात आणखी घट्ट धरला. "तू रेघ सोडू नको. मधनं सोडलेली रेघ परत जुळत न्हाई."

पाच. चार.

त्या चौदा ऑगस्टला आप्पा काय म्हणाले होते, आणि हे आत्ता जे म्हणतायत ते, दोन्हीतलं कुठलं तिला पुढं जन्मभर लागणार होतं?