पायथ्याशी झोपणारी

बटाटे आणायला वोब्बे सकाळी होडी घेऊन गेला, तो संध्याकाळी बटाट्यांबरोबर एक पोरही घेऊन आला. ताडपत्रीखाली, दोन पोत्यांच्या मधे, गुडघे पोटाशी घेऊन ती बसली होती. नाव सिपोरा. वय नऊ. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू बाजारात तिचे बाबा लोणच्याच्या काकड्या विकायचे. असे ओरडायचे, की पलीकडच्या गल्लीतल्या बाया वाडगी घेऊन खाली उतरायच्या. आता बाबा आणि आई दोघांनाही जर्मनांनी आगगाडीत कोंबून पूर्वेकडे नेलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी आईने सिपोराचा हात एका अनोळखी तरुणीच्या हातात दिला आणि म्हणाली, "ही सांगेल तसं वाग. आणि मागे वळून बघू नकोस."

सिपोराने बघितलं नव्हतं.

वोब्बे कालव्यावरच्या पुलाचा राखणदार होता. होडी आली की साखळी ओढून पूल वर घ्यायचा, ती गेली की खाली सोडायचा. घर पुलाला अगदी खेटून. खिडकीखाली कुणी तपकीर ओढली तरी आत ऐकू यावी. चहूकडे ओली, सपाट कुरणं, चिटपाखरू नाही. पण ह्या एका घरापाशी दिवसभर कुणी ना कुणी थांबायचं. पोर लपवायला ह्याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती. पण दुसरी मिळालीच नव्हती.

वोब्बेच्या बायकोचं नाव ग्रीट. उंच, हाडापेराने मोठी, बोलायला मोजकी. तिने सिपोराला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीतच कपाटासारखा पलंग होता. दोन लाकडी दारं उघडली की आत गादी, दारं लावली की नुसती भिंत. दारांना वरच्या अंगाला बदामाच्या आकाराचं एकेक भोक.

"पूल सुरू असतो तोवर तू इथे," ग्रीट म्हणाली. "बोलायचं नाही, कण्हायचं नाही. शिंक आली तर उशीत तोंड खुपस. कुणी शोधायला आलं, तर गादी उचलून ह्या फळीखाली उतर. खाली बटाट्यांचा खड्डा आहे."

"इथे आधी कोण झोपायचं, मावशी?"

ग्रीटने दारं लावून घेतली.

तेव्हापासून सिपोराचं सगळंच उलटं झालं. काळोख पडला, पूल बंद झाला, पडदे ओढले गेले, की तिचा दिवस उजाडायचा. ती स्वयंपाकघरात यायची, ताकातली सातूची लापशी खायची, पायांना मुंग्या येईपर्यंत टेबलाभोवती फिरायची. आणि बाहेर लख्ख उजाडलं की तिची रात्र. बदामातून आलेला उजेडाचा तुकडा उशीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून भिंतीवर सरकायचा आणि विझायचा. बाहेर माणसं हसायची, होडीवाले वोब्बेला शिव्या द्यायचे, एखादा कुत्रा भुंकायचा. हातभर अंतरावर जग होतं, आणि त्यात ती नव्हती. ती ओठांनीच बोलायला शिकली. आवाज न काढता बाबांसारखी काकड्यांची आरोळी द्यायची. झोपताना आईने शिकवलेली प्रार्थना म्हणायची, तीही नुसत्या ओठांनी. कधीकधी तिला वाटायचं, की आपला आवाज आतल्या आत मरून गेला असेल, आणि आपल्याला कळलंही नसेल.

कालवा गोठला. होड्या थांबल्या, पण लोक बुटांना पाती बांधून बर्फावरून घसरत जाऊ लागले, आणि पुलाशी टेकून धापा टाकू लागले.

त्याच दिवसांत एका दुपारी तिला खोकला ऐकू आला.

आधी वाटलं, बाहेर कुत्रं भुंकतंय. तसाच कोरडा, पोकळ आवाज. मग लक्षात आलं, आवाज बाहेरून येत नाहीये. पायांच्या बाजूने येतोय. पलंगाच्या पायथ्याशी, जिथे अंधार सगळ्यात दाट होता, तिथे कुणीतरी श्वास ओढत होतं. बारीक शीळ वाजल्यासारखा श्वास... मग खोकला... मग पुन्हा शीळ. गादीला कढवलेल्या व्हिनेगरचा आणि कांद्याचा वास येऊ लागला. सिपोराने पाय हळूच जवळ ओढून घेतले. तेवढ्यात पायथ्याची गादी किंचित दबली. मोकळी झालेली जागा कुणीतरी घेतली होती.

ती ओरडली नाही. ओरडायचं नाही, हे तिच्या हाडांत भिनलं होतं.

त्यानंतर ते रोज येऊ लागलं. कधी नुसता श्वास, कधी खोकला. सिपोराने कुणाला सांगितलं नाही. आपल्याला वेड लागलं म्हणून इथूनही घालवतील, ही भीती त्या श्वासापेक्षा मोठी होती.

एकदा पलीकडच्या मळ्यातली आफ्के आली. आफ्केचा मुलगा योरित काळा गणवेश चढवून जर्मनांबरोबर फिरायचा, म्हणून गावात तिच्याशी सगळेच जपून बोलायचे.

"ग्रीट, जळणाला सुकवलेल्या चिखलाच्या चार विटा दे गं. अंडी आणलीत बघ. माझ्या कोंबड्या तुझ्या नवऱ्यापेक्षा कामसू आहेत."

"त्याला सांगू नकोस. अंडी घालायला बसेल."

दोघी हसल्या. आणि तेवढ्यात पायथ्याशी खोकला सुटला. एकदा. दोनदा. सिपोराने स्वतःचं तोंड दाबून धरलं, पण त्याचा काय उपयोग होता!

स्वयंपाकघरात आफ्केची खुर्ची मागे सरकली.

"कोण खोकतंय?" आफ्केने विचारलं.

"मांजर. केस अडकतात त्याच्या घशात."

"मांजर..." आफ्केचा आवाज एकदम खाली आला. "ग्रीट, असा खोकला मी जन्मात एकाच पोरीचा ऐकलाय."

ती विटा न घेताच गेली.

ग्रीटने खोलीत येऊन दारं अशी ओढली, की एक बिजागरी निखळली. "कुणी शिकवलं तुला तसं खोकायला? वोब्बेने सांगितलं? थट्टा वाटते तुला?"

"मी नाही खोकले, मावशी."

"मग कोण?"

सिपोराचा घसा इतके दिवस न वापरल्याने खरखरत होता. "ती... ती पायथ्याशी असते. आधी शीळ वाजते, मग खोकते. व्हिनेगरचा वास येतो तिला."

ग्रीटचा उगारलेला हात तसाच राहिला. मग ती जमिनीवर बसली, आणि पायथ्याच्या पांघरुणावर हात फिरवत राहिली.

त्या संध्याकाळी वोब्बेने सिपोराला सगळं सांगितलं. त्यांची मुलगी, मिंके. सहा वर्षांची. घटसर्प झाला होता. असाच बर्फ होता, पण कच्चा, होडीही चालेना आणि पाऊलही ठेवता येईना. साखळी गोठून पूलही वरच अडकला होता. डॉक्टर पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला होता. हे दोघे फळ्या टाकत, बर्फ फोडत त्याच्याकडे निघाले. मिंकेला वारा लागू नये म्हणून पलंगाची दारं लावून घेतली होती.

"आम्ही परत आलो तेव्हा..." वोब्बेने पाईप टेबलावर ठेवला. "एकटीच होती गं ती आत. अंधारात."

आफ्केच्या धास्तीने तो दुसऱ्या दिवशी सिपोरासाठी नवी जागा शोधायला गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. तेव्हा सिपोरा राहिली.

ग्रीट मात्र बदलली. रोज शेगडीवर वीट तापवून फडक्यात गुंडाळायची आणि पलंगात ठेवायची, ती पायथ्याशी. काम टाकून यायची, दाराला कान लावून उभी राहायची. बदामाचा उजेड तिच्या गालाने झाकला जायचा. सिपोरा आतून त्या गालाकडे बघायची. हात वर केला असता तर त्याला लागला असता. पण मावशी तिच्यासाठी आलेली नव्हती. अनोळखी घरात, अनोळखी मेलेल्या मुलीच्या गादीवर, ती आता आणखीच एकटी पडली होती. कधी ती पलंगातल्या अंधारात नुसत्या ओठांनी म्हणायची, "तुला तुझी आई तरी आहे." पायथ्याशी श्वास थोडा थांबायचा.

बर्फ वितळायला लागला त्या सुमारास, एका सकाळी वोब्बे पुलाच्या लोखंडी कठड्यावर हातोडी आपटू लागला. ही ठरलेली खूण. सिपोरा गादी सारून फळीखाली उतरली. ग्रीटने वरून फळी बसवली, गादी ओढली आणि दारं लावली.

खड्ड्यात कोंब आलेल्या बटाट्यांचा ओलसर, आंबूस वास होता. बसायला धड जागा नाही. आणि त्या जागेतही तिच्या गुडघ्यांना दुसरे गुडघे टेकले होते. गार. बारीक.

वर बूट वाजले.

"आईला इथे खोकला ऐकू आला होता, ग्रीटकाकू." हा योरित. आवाजात उसना जोर. "हे जर्मन साहेब म्हणतात, घर दाखवा."

कपाटं उघडली गेली. भांडी पडली. मग दारं, मग गादी. बरोबर डोक्यावरच्या फळीवर बंदुकीचा दस्ता आपटला. ठक्. ठक्. फटीतून माती सिपोराच्या केसांत पडली.

आणि त्याच वेळी शेजारी शीळ सुरू झाली. श्वास आत ओढला जाऊ लागला... लांब... आणखी लांब... सिपोराला माहीत होतं ह्यानंतर काय येतं.

तिने अंधारात हात पुढे केला. हाताला चेहरा लागला. सोललेल्या बटाट्यासारखा गार आणि ओला. तिने तळवा त्या तोंडावर घट्ट दाबला आणि जिथे कान असायला हवा तिथे ओठ नेले. आवाज न काढता बोलणं तिला येत होतं.

"खोकू नकोस... मी तुला एकटीला ठेवणार नाही. मी जिथे जाईन तिथे नेईन तुला. शपथ."

तळव्यात दात रुतले. पण श्वास थांबला.

आणि वर खोकला सुटला.

तोच. कोरडा, पोकळ, कुत्र्यासारखा. मधे शीळ. सिपोराचा हात तर त्या तोंडावरच होता. मग तिला कळलं, खोकतेय ती ग्रीट. आपल्या लेकीने शेवटच्या दिवशी जसा श्वास ओढला, तसा अगदी तंतोतंत ओढत होती.

"हाच ना रे खोकला, योरित?" ग्रीट धापा टाकत म्हणाली. "घटसर्प आहे. ह्याच गादीवर मिंके गेली, तू शवपेटीला खांदा दिला होतास. ये की जवळ. आणि तुझ्या साहेबांना पण सांग, हात घाला म्हणावं गादीत, काय हवं ते शोधा."

योरितने जर्मनमध्ये एकच शब्द सांगितला, घटसर्प. बूट मागे सरले. मग घाईघाईने पुलावरून गेले.

ग्रीटने फळी काढली तेव्हा खड्ड्यात सिपोरा एकटीच होती. तिच्या तळव्यावर दातांची लहानशी कमान उमटली होती, आणि पुढच्या बाजूला एका दाताची जागा रिकामी होती. ग्रीटने तो तळवा उजेडात धरला. तळव्यावर ओठ टेकवले आणि मोठ्याने रडली. त्या घरात सिपोराने मोठ्याने रडणं पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर खोकला कधी ऐकू आला नाही. पायथ्याची वीट दिवसभर न हलता गार व्हायची. ग्रीट दाराला कान लावून थकून जायची.

"काय बोललीस तू तिला?" तिने एकदा विचारलं.

सिपोराने सांगितलं नाही.

लढाई संपली. पुलावर झेंडे लागले. सिपोरा दिवसाउजेडी बाहेर आली, आणि उजेडाने डोळे दुखतात म्हणून पुन्हा आत गेली. आई-बाबा आले नाहीत. उन्हाळ्याच्या शेवटी लेआ आत्या पूर्वेकडच्या छावणीतून परत आली. बाबांची धाकटी बहीण. डोक्यावर कापसासारखे नुकते उगवलेले केस, अंगात पुरुषाचा कोट. आत्याच्या दोन मुलींविषयी सिपोराने विचारलं नाही, आत्याने सांगितलं नाही.

निघताना वोब्बे होडीपर्यंत आला. ग्रीट उघड्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसली होती. सिपोरा जाऊन तिच्याजवळ उभी राहिली.

"नेतेस ना तिला?" ग्रीटने हळूच विचारलं.

सिपोराने मान हलवली.

"ने. इथे फार एकटी होती." तिने सिपोराच्या कोटाची वरची गुंडी लावली. "आता जा. पूल उचललाय त्याने."

ॲम्स्टरडॅमला आत्याला एका जिन्याच्या टोकाला खोली मिळाली होती. एक खोली, एक पलंग. त्यांच्या जुन्या घरात दुसरेच लोक राहत होते. बाजारात हातगाड्या नव्हत्या. आत्या शिवणाच्या कारखान्यात जायची, सिपोरा शाळेत. दोघी एकमेकींशी बेताचंच बोलायच्या. रात्री सिपोरा अंधारात डोळे उघडे ठेवून पडायची, पाय पोटाशी घेऊन, पायथ्याची जागा मोकळी सोडून. आत्याने त्यावर कधी काही विचारलं नाही.

एका शनिवारी, शब्बाथच्या सुटीच्या दुपारी दोघी पडल्या होत्या. खिडकीतून ऊन आलं होतं. खाली रस्त्यावर पोरं खेळत होती. सिपोराला वाटलं, आत्याला झोप लागली.

"सरक जरा," आत्या म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"कशाला, आत्या?"

"उभ्या आहेत बिचाऱ्या. पडू दे त्यांनाही."

सिपोराच्या अंगावर काटा आला, पण तिला बरंही वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला कुणाशी हे बोलता येणार होतं. ती उठून बसली. "तुला दिसते ती? मीच आणलीय तिला, आत्या. शपथ घेतली होती मी. पण एकच आहे. मिंके."

आत्याने डोळे उघडले. तिची नजर पायथ्याशी गेली, तिथून हळूहळू भिंतीच्या कडेकडेने दाराकडे गेली, आणि दाराबाहेर जिन्यावर पायरी पायरी उतरत राहिली, जणू एकेकीला मोजत होती.

"एक?" ती म्हणाली. "मग बाकीच्या?"

आणि भिंतीला पाठ चिकटेपर्यंत मागे सरकली.