गुरुवारचं गिऱ्हाईक

मुकाशला त्या दिवशी फक्त माल उतरवून परत यायचं होतं. आठ पोती मैदा, साखर, चहा, सूर्यफुलाच्या तेलाच्या चार पेट्या आणि कुणीतरी सांगून ठेवलेले रबरी बूट, बेचाळीस नंबरचे. नारीन शहरातून सकाळी निघाला, खिंड ओलांडली आणि साडेपाचला, दिवस मावळता मावळता, कोक-साय गावातल्या कुलयपाच्या दुकानासमोर ट्रक उभा केला.

तिलेक, शेगडीत कोळसा टाक आणि ते दार नीट लाव. खिंडीतला बर्फ उपसायला यंत्र येणार ते उद्या उजाडल्यावर. तोवर आपण सगळे ड्रायव्हर इथंच आहोत.

काय म्हणालास? भुतं डिझेलवर चालतात का? हस बाबा. तुझ्या वयाचा असताना मीही हसायचो. मुकाश माझ्याबरोबर अकरा वर्षं ट्रक चालवत होता. दारू पीत नव्हता, बढाया मारत नव्हता. त्यानं मला जे सांगितलं तेवढंच सांगतो. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलेलं आहे.

२०२३ साल. ऑक्टोबरची सव्वीस तारीख, गुरुवार. हा रस्ता त्याला नवा होता, कोक-सायची तिसरी खेप असेल. त्या मुलखात तेवढं एकच दुकान. पुढचं अठरा किलोमीटरवर. एका खोलीत सगळं. एका बाजूला चहा-साखर, दुसऱ्या बाजूला नाडे, खिळे, बॅटऱ्या, घोड्याचे नाल. मध्ये काउंटर, मागच्या खोलीत कुलयपा एजेचं घर. सगळ्यांचीच ती एजे, थोरली बहीण. पन्नाशीची. नवरा कधीच गेलेला. काउंटरच्या मागे खिळ्याला एक लोकरी हातमोजा टांगलेला होता. एकच, उजव्या हाताचा. मुकाशला वाटलं, कुणी गिऱ्हाईक विसरलं असेल.

दुकानात चार-पाच माणसं होती. तोक्तोबुबू नावाची एक बाई चहाचं पाकीट नाकाला लावून उभी होती.

"एजे, हा गेल्या खेपेचाच ना गं? उकळून उकळून पाणी दमलं, पण रंग काही येईना."

"चहाला नको नावं ठेवूस. तुझा नवरा अर्धी बादली दूध ओततो त्यात."

"ओततो, कारण प्यायला काहीतरी लागतंच ना माणसाला!"

सगळे हसले. शारिप आबा म्हणून एक म्हातारे बॅटरीची वाट बघत होते. ते म्हणाले, "कुलयपा, हिला गवत दे बांधून. तेही उकळेल ही."

मुकाश मैद्याचं पोतं टेकवून घाम पुसत उभा राहिला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सगळी माणसं काउंटरच्या डाव्या अंगाला दाटून उभी आहेत आणि उजवीकडे, तेलाच्या फळीसमोर, जागा मोकळी आहे. तिथं एकच पोरगा उभा होता. एकवीस-बावीसचा. पाठीला पाठ लावून लोक उभे, पण त्याच्या अंगाला कुणी लागत नव्हतं. पोरगा हातात टोपी धरून गुपचूप तेलाच्या बाटल्यांकडे बघत होता. एका हातात मोजा, दुसरा हात उघडा. निळा पडलेला.

एजेनं तोक्तोबुबूला चहा दिला. शारिप आबांना बॅटऱ्या दिल्या. आणखी एकाला माचिस दिली. पोराकडे पाहिलंसुद्धा नाही. मग मुकाशकडे वळली, "बोल भाऊ, काय काय आणलंस?"

आणि मुकाश म्हणाला, साध्या माणुसकीनं, तुम्ही-आम्ही कुणीही म्हटलं असतं तसंच...

"एजे, आधी या पोराला द्या. मघापासून उभा आहे. गारठलाय बिचारा."



तोक्तोबुबूनं चहाचं पाकीट छातीशी धरलं. शारिप आबांनी डोळे मिटले. कुणी मुकाशकडे बघेना. एजे म्हणाली, "कुठल्या पोराला?"

आता हे नीट ऐका. कुलयपाचा मुलगा उलार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चुकलेले घोडे शोधायला वर गेला आणि मागून बर्फ आला. घोडे परतले. तो नाही परतला. गावानं दहा दिवस शोधला, मग बर्फाचा कडा कोसळून वरची घळ बंद झाली. प्रेत नाही, म्हणून एजेनं मरणाचं काही करू दिलं नाही. ना सुतकाचा तंबू उभारला, ना रडणं. "माझा मुलगा येणार आहे," म्हणायची. आमच्यात मरणाची बातमी कुणी सरळ तोंडावर सांगत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आडून सांगतात, चारजण जमून सांगतात. इथं तर पोरगा दर गुरुवारी दिवस मावळायला दुकानात येऊन उभा राहात होता. अख्ख्या गावाला दिसत होता. आईला तेवढा दिसत नव्हता. का, ते मला विचारू नका. आणि गाव गप्प होतं. येत होतं, जागा सोडून उभं राहात होतं, चहा घेऊन जात होतं.

परका मुकाश बोलून बसला.

एजेनं सगळ्यांना बाहेर काढलं. मुकाशला थांबवलं. दाराला कडी लावली.

"कसा आहे दिसायला?"

मुकाशनं सांगितलं. टोपी, उंची, कपाळावरची जुनी खोक.

"मोजा कुठल्या हातात आहे?"

"डाव्या."

एजेनं मागे वळून खिळ्यावरच्या मोज्याकडे पाहिलं. घोडे शोधायला निघाला त्या सकाळी घाईत उलार तो घरीच विसरला होता. आवाजही न चढवता तिनं विचारलं, "काय करतोय?"

"तेलाकडे बघतोय, एजे."

ती खाली बसली. मुकाशला वाटलं, आता ही रडेल. तो म्हणाला, "एजे, आज गुरुवार आहे, गेलेल्यांचा दिवस. तेल तापवा. पीठ मळून चार बोरसोक तळा त्याच्या नावानं. वासानं पोट भरतं त्यांचं. भुकेला उभा आहे तो."

"आणि पोट भरल्यावर?"

"भरल्यावर... जातात ना मग. वाटेला लागतात."

"मग नाही तळणार," एजे म्हणाली.

तिलेक, आता हसू नकोस.

त्या दिवसापासून तिनं दुकानात तेल तापवणंच बंद केलं. साधी कांद्याची फोडणीसुद्धा नाही. उकडलेलं खायची. आणि मुकाशकडून वचन घेतलं, माल आणायचा तो गुरुवारीच. दिवस मावळेपर्यंत थांबायचं. आणि तिला सांगायचं.

दुसऱ्या गुरुवारी मुकाश गेला. पोरगा आला. एजेनं विचारलं, "कसा आहे?"

"बरा आहे, एजे."

बरा नव्हता. गाल आत गेले होते. पण तिनं त्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली होती. घोडीला शिंगरू झालं, छपराचा पत्रा बसवून घेतला, तुझे बूट आले बघ, बेचाळीस नंबरचे. मुकाश मला म्हणाला, "आबा, तिचं तोंड बघितलं आणि खरं बोलायला जीभच रेटेना."

तिसरा गुरुवार. "कसा आहे?" "बरा आहे." चौथा. पाचवा. सहा गुरुवार मुकाश खोटं बोलला. गावानं गुरुवारी दुकानात यायचं सोडलं. अठरा किलोमीटर लांब जात होते काडेपेटीसाठी. एकदा शारिप आबा काठी टेकत आले आणि दारातूनच म्हणाले, "कुलयपा, तू त्याला दावणीला बांधलंयस. जनावरालासुद्धा दावणीला बांधलं तर चारा टाकतो आपण."

"तुम्हाला बॅटऱ्या हव्यात का आबा?" एजे म्हणाली. "नसतील तर दार लावा. थंडी आत येते."

मग आला चौदा डिसेंबर. गुरुवार. साडेपाचलाच काळोख झाला होता. उणे एकोणतीस. मुकाशनं ट्रकचं इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद केलं तर परत सुरू झालं नसतं. दुकानात तो आणि एजे, दोघंच.

पावणेसहा वाजले. दारावरची घंटा वाजली नाही. ती कधीच वाजत नसे. गार हवेची एक रेघ तेवढी जमिनीवरून सरकत आली.

एजेनं पदरासारखा डोक्यावरचा रुमाल सारखा केला. मोकळ्या जागेकडे बघून हसली.

"आला?"

"आला."

"कसा आहे?"

मुकाशनं नजर खाली जमिनीकडे नेली.

"मुकाश. कसा आहे?"

"एजे... तो बसलाय."

"बसलाय म्हणजे?"

"जमिनीवर. उभं राहवत नाही त्याला आता."

एजेचं हसू तसंच राहिलं. काढायला विसरल्यासारखं.

"आणि?"

"तेलाची खालची बाटली... बाहेरून चाटतोय."

"ओठ फुटतात त्याचे थंडीत. लहानपणापासून. फुटलेत का?"

मुकाशनं तोंड फिरवलं.

"सांग."

"ओठ राहिले नाहीत, एजे."

बाहेर इंजिन घरघरत होतं.

"किती दिवस?"

"तुम्ही विचारायला लागल्यापासून."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग काउंटरची फळी उचलली, बाहेर आली, वाकून खालच्या रांगेतली ती बाटली घेतली. वाकताना तिचा हात पोराच्या तोंडावरून गेला. तिला कळलं नाही.

मागच्या खोलीत तिनं कढई चढवली. पीठ मळलं. मुकाश दारात उभा. ती पीठ लाटत होती, चौकोन कापत होती, आणि प्रत्येक चौकोनावर अंगठा दाबत होती. तिची सवयच होती ती. पेटीची पत्र्याची पट्टी काढताना कधीतरी तिच्या उजव्या अंगठ्याला खोल चीर पडली होती, तिचा आडवा व्रण होता. त्यामुळे तिचा बोरसोक शंभरात ओळखू यायचा. खळगा आणि खळग्यात आडवी रेघ.

तेल तापलं. पहिला घाणा पडला. वास सुटला.

पोरगा उठला.

काउंटरच्या आत आला. गिऱ्हाईक कधी आत येत नाही. तो आला.

"आला?" एजेनं न वळता विचारलं.

"तुमच्या मागे आहे."

"जवळ?"

"जवळ."

ती वळली नाही. झारा कढईत तसाच धरून उभी राहिली. म्हणाली, "माझ्यापेक्षा उंच आहे ना अजून?"

"आहे, एजे. पुष्कळ उंच आहे."

त्यानं तिच्या खांद्यावरून हात पुढे केला. तो निळा हात. उकळत्या तेलात घातला. तेल चरचरलं. एजेला ते ऐकू आलं... आलंच असणार. तिचा झारा हलला. हात बाहेर आला तेव्हा मूठ मिटलेली होती.

मग तो गेला. दुकानातून, दारातून. जाताना मुकाशकडे त्यानं पाहिलं. कसं पाहिलं, ते मुकाशनं मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

"गेला?"

"गेला."

एजेनं घाणा पुरा केला. कढई उतरवली. चूल विझवली. मग म्हणाली, "तू पहिल्या दिवशी खरं बोललास आणि नंतर खोटं बोलत राहिलास. दोन्ही नको होतं. माझ्याकडे आता माल आणू नकोस."

म्हणून तो रस्ता माझ्याकडे आला.

त्यानंतर कुणाला काही दिसलं नाही. गिऱ्हाइकं परत यायला लागली, तोक्तोबुबूनं परत चहाला नावं ठेवली. मी माल न्यायचो. दर गुरुवारी एजे मला विचारायची, "कुणी आहे का रे तिथं?" मी बघायचो. कुणी नसायचं. "नाही, एजे." ती मान हलवायची आणि माल मोजून घ्यायला लागायची. बेचाळीस नंबरचे बूट फळीवर होते. विकले नाहीत.

मेमध्ये घळ मोकळी झाली. मेंढपाळांना उलार सापडला. अकरा हात बर्फाखाली होता. बर्फ ऑक्टोबरात पडला तसाच, त्यांनी खणेपर्यंत त्याला कुदळ लागलेली नव्हती, कोल्ह्यानं उकरलेलं नव्हतं. त्या दिवशी मी गावात होतो, माझ्याच ट्रकमधून खाली आणला. उजवी मूठ मिटलेली होती. आंघोळ घालणाऱ्यांनी उघडायचा प्रयत्न केला, उघडेना. शारिप आबा म्हणाले, राहू दे, आईला आधी बघू दे.

बायका कबरीपाशी येत नाहीत, तेव्हा निरोप घरातच. एजे आत आली. ती रडली नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं. ओठ होते. फुटलेले, पण होते. मग खाली बसून तिनं ती मूठ हातात घेतली. आमच्याच्यानं उघडली नव्हती. तिच्या हातात उघडली.

बोरसोक होता. खळगा आणि खळग्यात आडवी रेघ.

एजेनं आपला अंगठा त्या खळग्यात ठेवला. नीट बसला. माणसं न्यायला येईपर्यंत ती अंगठा तसाच ठेवून बसली होती.

त्याला पुरलं, त्या बोरसोकासकट. संध्याकाळी मी निघताना एजेनं मला चहा दिला. पेला पुढे केला तेव्हा मी तिचा हात पाहिला.

अंगठ्यावर, त्या व्रणाच्या आडव्या रेघेवर, भाजल्याचा फोड आला होता. ताजा. पाण्यानं भरलेला.