मागून गाडी येतेय, रिकामी

तो मोबाईल जरा पालथा ठेव रे अमृत. उजेड डोळ्यांवर येतो. लाईट गेलेत तेही बरंच झालं, ही गोष्ट उजेडात सांगायची माझी हिंमत नाही.

मघापासून ऐकतोय तुमचं. कुठला पार्क, त्यात किती घसरगुंड्या, जवळ कुठला झरा, कुठला डोंगर. फिरा बाबांनो, फिरायचंच वय आहे तुमचं. पण आत्ता किरण म्हणाली ना, "आजीला सांगू, तुझ्यासाठी नंतर वेगळी ट्रिप काढू," ते ऐकलं आणि मला राहवेना. आजी झोपली का खाली? बघून ये एकदा… झोपली? बस मग.

हे घडलं माझ्या दोस्ताच्या घरी. सुकदेव त्याचं नाव. शिंदखेडा तालुक्यात, डांबरी रस्त्याच्या फाट्यापासून दीड किलोमीटर आत त्याचं गाव. गावाचं नाव सांगत नाही. तारीख मात्र पक्की सांगतो: २०२४ साल, मे महिन्याची पंचवीस, शनिवार. त्या आठवड्यातलं ऊन आठवतं ना? सकाळी नऊलाच रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

सुकदेवच्या घरात त्याची मोठी बहीण राहायची, मंजुळाबाई. आम्ही सगळे अक्काच म्हणायचो. बाविसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, माहेरी परत आली, आणि आई नसलेल्या सुकदेवला तिनं वाढवलं. त्याची पोरं वाढवली, पोरांची पोरं वाढवली. पंचाहत्तरीला आली तरी मुक्ताईनगरच्या पलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं.

तर सुकदेवच्या मुलानं, स्वप्नीलनं, सुटीचा बेत आखला. सेंधव्याच्या पुढे, मध्य प्रदेशात, एक पाण्याचा पार्क आहे म्हणे. दिवसभर तिथं खेळायचं आणि येताना शिरपूरहून चोपड्याकडे वळून उनपदेवच्या गरम झऱ्यावर जायचं. स्वप्नील मोबाईलवर वाचून दाखवत होता. तिथं खोटा समुद्र आहे. भोंगा वाजला की लाटा सुटतात. अक्का भाकरी थापत होती. हात थांबला तिचा.

"तठे खरंच लाटा येतस का रे?"

"हाव आत्या. या कमरेएवढ्या."

"मंग मी बी येसू. माले जास्त काही नको. पाय बुडावसू आनि बठसू."

सगळे हसले. हो म्हणाले. त्या दिवसापासून अक्का ज्याला त्याला सांगत सुटली, मी समुंदर देखाले जाई रायनू. उनपदेवचं तिला काही नव्हतं, गुडघे दुखत असूनही नव्हतं. तिला लाटा पाहायच्या होत्या.

गाडी आठ जणांची. घरचे सात, आठवी जागा अक्काची. पण आदल्या रात्री ओट्यावर चर्चा झाली. स्वप्नील म्हणाला, आत्याला घेतलं तर तासातासाला गाडी थांबवावी लागेल. सून दिपमाला म्हणाली, उन्हाचं त्यांना कशाला, घरी गार बसतील. आणि सुकदेव म्हणाला, त्यापेक्षा रस्ता माहीत असलेला माणूस घेऊ.

तो माणूस मी.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, निम्मी वर्षं त्याच रस्त्यावर. रिटायर झाल्यापासून कुणी मला कुठे नेलं नव्हतं. मला कळत होतं ही कुणाची जागा आहे. तरी हो म्हणालो. माझीच जीभ लाळावली, दुसऱ्या कुणाला काय बोल लावू?

अक्काला मात्र कुणी सांगितलं नाही. पहाटे पाचला गाडी दाराशी लागली, तर अक्का नवं लुगडं नेसून तयार. हातात पिशवी. रात्री दोनला उठून तिनं सगळ्यांपुरत्या दशम्या केल्या होत्या. दशम्यांचा डबा तिनं स्वतः गाडीत ठेवला, आणि उभी राहिली, आता मला बसवा म्हणून.

स्वप्नील काच पुसत राहिला. सुकदेव पुढे बसून समोर बघत राहिला.

तेव्हा मी बोललो. नोकरीत मी हजार वेळा बोललेलं वाक्य. गाडी गच्च भरली, फाट्यावर माणसं लोंबकळायला लागली की मी ते फेकायचो आणि घंटी मारायचो. मागे कुठलीही गाडी नसायची. तेच म्हणालो…

"अक्का, हाई गाडी भरी गयी. मांगथीन दुसरी गाडी ई रायनी. रिकामी शे. तू तिन्हामा बठ."

ती म्हणाली, "बरं भाऊ. तू सांगस तं ई."

आणि आम्ही निघालो. मला वाटलं, तासाभरात समजेल तिला. रुसेल, आत जाऊन झोपेल.

बिजासनच्या घाटात टायर गेलं. स्टेपनीत हवा नव्हती. चार तास सावली शोधत बसलो आणि अक्काच्या दशम्या खाल्ल्या. फार मऊ झाल्या होत्या. कुणी तिचं नाव काढलं नाही.

पार्कवर पोचायला एक वाजला. दारावरची पोरगी प्रत्येकाच्या डाव्या मनगटाला नारंगी पट्टी चिकटवत होती. कागदासारखी दिसते, पण फाटत नाही, कात्रीनंच कापावी लागते. माझ्या हाताला लावली आणि ती मागे बघून म्हणाली, "अम्मा, हाथ आगे करो."

मागे कुणीच नव्हतं.

पोरगी ओशाळली. उन्हानं झालं असेल, म्हणाली. आम्हीही हसलो. फोन सगळे एका कपाटात ठेवले आणि पाण्यात शिरलो. भोंगा वाजला, लाटा आल्या. पोरं किंचाळत होती. सुकदेव मात्र काठावर पाय सोडून बसला होता, तोंड पाडून. मी विचारलं, काय झालं? म्हणाला, "काही नई. अक्काले आनाले पाहिजे होतं."

साडेपाचला फोन काढले. सुकदेवच्या फोनवर अकरा मिस कॉल, सगळे शेजारच्या हितेंद्रचे.

आता ऐका, पोरांनो, आमची अक्कल. आम्हाला वाटलं अक्का हितेंद्रच्या फोनवरून लावतेय. गाडी का आली नाही, विचारायला. सुकदेवनं फोन खिशात टाकला. म्हणाला, "नको. काय सांगसूत तिले?" सांगवीजवळ माझाही फोन वाजला. हितेंद्रच. मी कापला. स्वप्नीलचा वाजला, त्यानं बंदच करून टाकला. आठ माणसं, तीन फोन, आणि एकाचीही छाती झाली नाही. उनपदेवला जायचंही कुणी बोललं नाही. अंधार पडला होता, उशीर झाला होता, आणि आम्हाला एकमेकांकडे बघवत नव्हतं.

शिरपूरला जेवायला थांबलो. कुणी नीट जेवलं नाही.

फाट्यावर आलो तेव्हा अकरा चाळीस झाले होते. मी घड्याळ बघितलं होतं, जुनी सवय. गाडी वळली. हेडलाईट फाट्याच्या निवाऱ्यावर पडला.

अक्का.

नवं लुगडं. मांडीवर पिशवी. कठड्यावर बसलेली. रस्त्याकडे बघत.

स्वप्नीलनं ब्रेक मारला. कुणाला भीती वाटली नाही. शपथेवर सांगतो, त्या घडीला भुताखेताचं मनातही आलं नाही. लाज वाटली. नुसती लाज. पहाटे दारातून चालत येऊन ही बाई दिवसभर इथे बसून आहे… माझ्या एका वाक्यावर.

कुणी उतरेना. मी उतरलो. दार धरून उभा राहिलो, कंडक्टर उभा राहतो तसा.

ती जवळ आली. पार्कातल्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास आला. वाटलं माझ्याच कपड्यांचा असेल. लुगड्याच्या काठातून थेंब पडत होते. टप… टप… वाटलं उन्हानं हैराण होऊन अंगावर पाणी ओतून घेतलं असेल.

"मोतीभाऊ, हाई मांगनीच गाडी ना?"

"…हाव, अक्का."

"रिकामी शे?"

मी आत पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. माझी जागा तेवढी मोकळी.

"शे, अक्का. बठ."

चढायला आधार म्हणून तिनं माझं मनगट धरलं. डावं. तिचा हात गार… इतका गार, त्या उकाड्यात. मग ती माझ्या जागेवर बसली. मी दार लावलं. म्हणालो, जा तुम्ही, मी चालत येतो. ती जागा तिचीच होती ना.

लाल दिवे पुढे गेले. मी मागून चालत होतो. दीड किलोमीटर. मनात जुळवत होतो, पाया पडून काय म्हणायचं. अक्का, खोटं बोललो. अक्का, चुकलो.

गावात शिरलो. सुकदेवच्या दारात उजेड. इतक्या रात्री… माणसं. ओट्यावर, अंगणात, माणसंच माणसं. बाया पदर तोंडाला लावून बसलेल्या. गाडी मधोमध उभी, दारं उघडी. घरचे सात जण खाली उतरून नुसते उभे. हितेंद्र सुकदेवच्या समोर.

"कितला फोन लावात आबा तुले! सकायपाईन फाटावर बठेल व्हती. दोन दाव लेवाले गवू. उठेच ना. म्हणे, कंडक्टरनी सांगेल शे, गाडी ई रायनी. मी हालनू तं गाडी चुकी. साडेबाराले पडनी उनमा. दवाखानामा लयी गवूत, पन…"

सुकदेव म्हणाला, "अक्का तं गाडीमा शे."

हितेंद्रनं घराकडे बोट दाखवलं.

मी गाडीजवळ गेलो. मागचं दार उघडंच होतं. माझी जागा… रिकामी.

घरात गेलो. अक्काला बायांनी दुपारीच न्हाऊ घातलं होतं. नवं लुगडं तेच. चेहरा शांत. हात छातीवर. डाव्या मनगटावर नारंगी पट्टी. ओली.

बाया म्हणाल्या, आम्ही न्हाऊ घातलं तेव्हा हातावर काहीच नव्हतं. सुकदेवनं सगळ्यांचे हात पाहिले, पोरांचेसुद्धा. सगळ्यांच्या हातावर पट्टी होती.

मग माझा हात पाहिला…

पट्टी नव्हती. कापलेली नाही, फाटलेली नाही. नव्हतीच.

अग्नी देताना ती पट्टी तशीच राहू दिली. सुकदेव म्हणाला, राहू दे, तिचं तिकीट आहे ते. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. मीही त्या फाट्यावर कधी उतरत नाही, तिकडे जावंच लागलं तर पुढच्या गावाला उतरून मागे चालत येतो.

ट्रिप काढा. खुशाल काढा. आजीची जागा नसेल तर तोंडावर सांगा तिला, नाही म्हणून. रडेल, शिव्या देईल, देऊ दे. मागून गाडी येतेय, एवढं सांगू नका.

आता तो मोबाईल उचल, अमृत. बॅटरी लाव, इकडे, या मनगटावर. दिसतो पांढरा पट्टा? पट्टी होती तेवढाच. दोन उन्हाळे झाले, या हातावर ऊन बसत नाही. डॉक्टर म्हणाला काही नाही, जाईल.

घाबरू नकोस किरण. लाव बोट…

का गं? ओढणीला काय पुसतेस?