टाळूगंध

साळुंख्यांनी दोडक्याचं बारसं केलं, त्या दिवशी ऋजुताने घुगऱ्यांची वाटी तशीच परत पाठवली.

बारसं अगदी रीतसर झालं होतं. अंगणातल्या मांडवाखाली सतरंजी, रांगोळी, पाच सवाष्णी. वेलीला लोंबणाऱ्या बोटभर दोडक्याला साळुंख्यांनी हळदकुंकू लावलं आणि त्याला कान नसल्यामुळे देठापाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. अद्वैत. साळुंखे बँकेत शाखाधिकारी होते, भल्याभल्यांना त्यांनी केबिनच्या दारातून परत पाठवलं होतं. त्या माणसाचा आवाज दोडक्याचं नाव घेताना घोगरा झाला.

ऋजुता कुंपणापलीकडून बघत होती. तिने सरळ तर्जनी रोखून विचारलं, हाच का तो. कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते सडतं, ही जुनी समजूत गल्लीने पुन्हा उराशी धरली होती. पोरासोरांपासून सगळे फळ दाखवायचं तर बोट दुमडून दाखवत. सवाष्णी दचकल्या.

"बोट दुमडा की हो, ताई," साळुंखे कळवळून म्हणाले.

तिने दुमडलं नाही. या लोकांची तिला कीव येत नसे, कीव करण्याइतकेही ते तिला जवळचे वाटत नसत.

मिरजेत आता बिनमांडवाची गल्ली उरली नव्हती. गच्चीवर, फाटकावर, बंद पडलेल्या गाड्यांच्या शेडवर, जिथे दोन बांबू उभे राहतील तिथे तारा ताणलेल्या आणि त्यांवर दोडकी, कारली, पडवळ. उन्हाळे असे चढत गेले होते की उघड्या रानात भाजी टिकेना. पाला दुपारपर्यंत वाफ्यातच शिजल्यासारखा व्हायचा, फुलं करपून गळायची. भाजी जगायची ती भिंतीच्या आडोशाला, दोन घरांच्या सावलीत, हाताने घातलेल्या पाण्यावर. म्हणून सरकारने 'घरमांडव' योजना काढली. घरोघरी बांबू दिले, तार दिली, सुतळी आणि बियाणं दिलं. लोकांनी मांडव घातले, पुढे उभं राहून फोटो काढले आणि महिन्याभरात तारांवर टॉवेल वाळत घातले. लोकांची तरी काय चूक म्हणायची. मधमाश्या नाहीशा झालेल्या, त्यामुळे फुलाफुलाला कुंच्याने पराग लावायला हवा. त्यात दोडक्याचं फूल उमलतं संध्याकाळी, नेमकं माणूस दमून पाय पसरतं तेव्हा. खत आणि पाणी कुठूनही आणता आलं असतं. रोज न चुकता जीव लावणारं माणूस कुठून आणायचं?

त्याचं उत्तर आफरीन मुजावरने शोधलं. ही आफरीन शाळेत ऋजुताच्या बाकावर बसायची आणि तिची भूमिती उतरवून घ्यायची. पुढे ती वनस्पतींची मोठी शास्त्रज्ञ झाली. तान्ह्या बाळाची टाळू हुंगली की आईच काय, दगडासारखा माणूसही विरघळतो. त्यामागे एक रसायन असतं. नाकाला त्याचा वास असा कळत नाही, पण नाकातली नस ते उचलते आणि मेंदूच्या अशा जुन्या कोपऱ्यात पोचवते जिथे प्रश्न विचारायची सोय नाही. आफरीनच्या गटाने ते रसायन वेलीच्या लवेत बनवून घेतलं. पानाला हात लागला, बारीक लव मोडली, की ते हवेत उडणार. त्याला नाव दिलं टाळूगंध. हे कुणी लपवलं नव्हतं. टीव्हीवर चित्रं काढून समजावून सांगितलं होतं. लोक म्हणाले, मग काय झालं, भाजी मिळते ना.

ऋजुताला यातलं काहीच लागू नव्हतं. ती शाळेत असताना तोंडाला पट्ट्या बांधायला लावणारी साथ आली, तेव्हा तिचा वास गेला तो गेलाच. नाकातली ती नसच मेली होती. सगळी गल्ली झिंगलेली आणि आपण तेवढे शुद्धीवर, या जाणिवेने तिच्या चालण्यातही एक ताठा आला होता.

शुद्धीवर नसलेल्यांत तिचा नवरा होता. निनाद पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला तेव्हा घरात पंचवीस वर्षांचा एक नीटनेटका थंडपणा होता. भांडणं नव्हती, मूलबाळ नव्हतं. निनाद वाईट वागत नसे, फक्त ती खोलीत आली तरी त्याची नजर वर होत नसे. निवृत्तीनंतर त्याने गच्चीवर मांडव घातला. ऋजुता हसली. पण त्याच पावसाळ्यात निनाद तिच्याशीही बदलला. सकाळी चहा करून आणू लागला. तिचं बोलणं पूर्ण ऐकू लागला. दुपारी तिच्या मागे बसून तिचे केस विंचरायचा, गुंता निघाला तरी कंगवा ठेवायचा नाही. ऋजुता कुणाला बोलली नाही, पण मनात तिने हिशेब मांडून ठेवला होता की लोकांना लळा लागतो तो वेलीपायी, निनादचा मात्र आपण मिळवलेला, उशिरा का होईना.

म्हणूनच यंदाचा घाव बसला. पित्ताशयात खडे निघाले, शस्त्रक्रिया ठरली, दवाखाना दोन गल्ल्या सोडून. सोबत दोन दिवस कुणीतरी राहायला हवं होतं. निनाद खाली बघून म्हणाला की दुपारी येऊन जाईन, पण संध्याकाळी फुलं उमलतात, आत्ता पराग लावला नाही तर अख्खा बहर गळेल. हे सांगताना त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं दुःख होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. पन्नाशी उलटल्यावर सवतीचा जाच व्हावा आणि सवत दोडक्याची असावी, इतकं हास्यास्पद आयुष्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं तर तिने गल्लीभर सांगितलं असतं.

ती शस्त्रक्रिया पुढे ढकलून सांगलीला आफरीनकडे गेली. आफरीनच्या बंगल्यापुढे सगळीकडे फरशी होती. एक पान दिसत नव्हतं.

"तुझ्या दारात काहीच नाही गं," ऋजुता म्हणाली.

"मला माहितीये ना त्यात काय आहे ते."

ऋजुताने आल्या आल्या तोफ डागली. तुझ्या या उपद्व्यापामुळे माणसं वेड्यासारखी वागतात, शेजारी भाजीचं बारसं करतात, सख्खा नवरा दवाखान्यात बसायला तयार नाही, याच्यावर उतारा काय ते सांग. आफरीनने ऐकून घेतलं. तिला असल्या शिव्यांची सवय असावी. उतारा वगैरे काही नाही, ती म्हणाली. वेल उपटून टाकायची, मांडव धुऊन काढायचा. मेंदू रोजचा रतीब मिळतोय तोवरच नाचतो. तीन-चार आठवड्यांत माणूस पहिल्यासारखा होतो.

"पहिल्यासारखा म्हणजे?"

"म्हणजे मांडव घालायच्या आधी होता तसा."

मग चहा आला. चहाबरोबर ऋजुताची जीभ सैल झाली. निनाद तसा वाईट नाही हे सांगायला हवं असं तिला वाटलं, शाळेतल्या मैत्रिणीपुढे आपला नवरा अगदीच टाकाऊ दिसू नये. तिने चहाचं सांगितलं, केस विंचरण्याचं सांगितलं. सांगताना जरा मान वळवली. आफरीनने कप खाली ठेवला.

"तू वेलीत हात घालतेस का गं?"

"हात काय, डोकं घालते. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा खांदा धरला, तेव्हापासून वरच्या तारेला शेंडे मीच बांधते. निम्मी सकाळ मांडवात जाते माझी."

"डोक्याला तेल लावून?"

"मग काय केस मोकळे सोडून? सकाळी खोबरेल चोपडते नि चढते स्टुलावर. का?"

 आफरीन बोलली ते शास्त्रज्ञासारखं बोलली, एकेक पायरी उतरत. लव मोडते, ती केसांत अडकते. टाळूगंध पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि खोबरेलात तर दिवसभर टिकतो. "आम्ही हात तपासले, कपडे तपासले," ती म्हणाली. "बारा देशांत तपासले. पण डोक्याला तेल चोपडून मांडवात शिरणारी बाई तपासावी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा. माझी अम्मी आयुष्यभर तेच करायची." मग तिने विचारलं, "निनाद तुझ्याशी नीट वागायला कधी लागला, ऋजू?"

ऋजुता उठली. तुला माणसांतलं काय कळतंय, तुझं सगळं पानाफुलांत, असं काहीतरी म्हणाली. आफरीन फाटकापर्यंत आली.

"उपटू नकोस वेल," ती म्हणाली. "माझं ऐक. राहू दे तसंच."

यानंतर न उपटणं शक्यच नव्हतं. ऋजुताला काय सिद्ध करायचं होतं ते तिला स्वच्छ माहीत होतं. निनाद सुतळी आणायला बाजारात गेला, तेवढ्यात तिने विळ्याने बुंधे कापले, तणाव्यांच्या गाठी तोडल्या, बांबू सोडवून जिन्याखाली रचले आणि तारा साबणाने धुतल्या. मग शिकेकाईने स्वतःचे केस दोनदा चोळले. अर्धा दिवस गेला नाही. आफरीन शहाणी असेल तिच्या घरी, असं ती स्वतःशी म्हणत होती.

निनाद आला, गच्चीवर गेला आणि कोमेजलेल्या ढिगापाशी मटकन बसला. तो ओरडला नाही. तिला जाब विचारला नाही. ती जवळ गेली तेव्हा तिच्या मांडीत डोकं खुपसून रडला. शिकेकाईने काय सगळं जातं थोडंच. पण ऋजुताने तेव्हा एवढंच पाहिलं की वेल गेली तरी तो रडायला आपल्याकडेच आला. ती जिंकली होती.

संध्याकाळी साळुंखे पिठलं-भात घेऊन आले. गेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटवायची नसते, म्हणून गल्लीने ठरवून आणलं होतं. साळुंख्यांनी निनादच्या पाठीवरून हात फिरवला आणि ऋजुताकडे पाहिलं, ते एखाद्या खुनी बाईकडे पाहावं तसं. ती मनापासून हसली. पिठलं बरं झालं होतं, तिने दोनदा वाढून घेतलं.

पहिला आठवडा निनाद दुखवट्यात होता. दुसऱ्या आठवड्यात जेवू लागला. तिसऱ्यात त्याने गच्चीवर सतरंजी घालून वर्तमानपत्र वाचलं आणि खालून साळुंख्यांची अंगाई ऐकू आली तेव्हा तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. ऋजुताला इतका आनंद झाला की चहा आज आपणच केलाय, कालही आपणच केला होता, हे तिने मनावर घेतलं नाही. कंगव्याचंही तसंच. उन्हाळा आहे, तिने ठरवलं, कोण बसेल केसांत हात घालून.

दवाखान्यात तो आला. दोन्ही दिवस राहिला. पिशवी उचलली, औषधं वेळेवर आणली, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारले. नर्सने ऋजुताला सांगितलं की ताई, नशीबवान आहात. दुसऱ्या दिवशी दुपारी टाके ओढत होते, ती उशीला टेकून बसली होती, आणि निनाद खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा मांडव बघत होता. तिथे एक माणूस पडवळाला टोकाशी दगड बांधत होता, सरळ वाढावं म्हणून, आणि बांधून झाल्यावर त्याने पडवळाचा मुका घेतला. निनाद हसला. हसू छान होतं, मोकळं होतं.

"मला कळतच नाही," तो म्हणाला, "मी पण असाच झालो होतो. काय काय करत होतो गं मी. वेलीशी बोलायचो. त्या फुलांसाठी रडलो. तुझे केस विंचरत बसायचो तास तास." त्याने लाजून मान हलवली, दारू सुटलेला माणूस जुने किस्से सांगताना हलवतो तशी. "सांभाळून घेतलंस बाई."

तो वाईट बोलला नव्हता. उलट आभार मानले होते त्याने. मग घड्याळ बघून तो खाली कँटीनला जाऊन येतो म्हणाला, तुला काही हवं का विचारलं, आणि उत्तराची वाट दारात उभं राहून पाहिली. ती म्हणाली, काही नको.

घरी आल्यावर टाके सुकेपर्यंत ती कॉटवरून त्याला बघत राहिली. तो पंचवीस वर्षं जसा होता तसा होता. ती खोलीत असली नसली, पेपरचं पान त्याच वेगाने उलटायचं. याला दोष तरी काय द्यायचा, तिच्या मनात येई, हा तर शुद्धीवर आहे. शुद्धीवरच्या माणसाला आपल्यात बघण्यासारखं काही दिसत नाही, एवढीच गोष्ट. कुंपणापलीकडे अद्वैत आता हातभर झाला होता आणि साळुंखे त्याला ऊन लागू नये म्हणून छत्री धरून उभे असत. मूर्ख. सुखी, थोर मूर्ख. त्यांच्याकडे ती पूर्वीच्याच तुच्छतेने बघायची, फक्त आता बघताना गॅलरीचं दार उघडं असायचं.

एका रविवारी तिने बियाणं आणलं. जिन्याखालचे बांबू निनादकडून बाहेर काढून घेतले. त्याने कुरकुर न करता काढले आणि गच्चीच्या पायऱ्या चढू लागला, तर ती म्हणाली, वर नाही, इकडे. घराच्या मागच्या बाजूला, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली हातभर रुंदीची जमीन होती, उत्तरेला. तिने त्याला तिथे खड्डा घ्यायला सांगितला. एक बांबू भिंतीशी, एक चौकटीच्या वर, आणि तारा अशा की वेल चढली तर थेट उशाशी यावी.

निनादने पहार टेकवून वर आकाशाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पाण्याच्या खात्यात काम केलेला माणूस, त्याला दिशा कळत होत्या.

"इथे ऊन कुठंय? फळ धरणार नाही इथे."

"फळ कुणाला हवंय," ऋजुता म्हणाली आणि आत जाऊन खिडकीची दोन्ही दारं उघडून ठेवली.